मेथीवरची पांढरी पूड

दिवाळी अंकासाठी संपादकांनी माझ्याकडे नोकरीतल्या गमतीजमती मागितल्या आहेत. गमती आहेत. विंझरच्या एका दुकानदाराची सांगतो आणि मोकळा होतो, कारण त्यापुढं जे लिहायचं आहे त्यात गंमत नाही.

माझी सुरुवातीची वर्षं वेल्ह्याच्या बाजूला गेली. खात्यानं फवारणीचा एक पितळी हातपंप पाठवला होता, घासला की तोंड दिसावं असा. तो विंझरच्या त्या दुकानाच्या ओट्यावर ठेवायचा, गाववाल्यांनी लागेल तेव्हा न्यायचा, वापरायचा, परत आणून ठेवायचा, अशी योजना. दसरा झाल्यावर जाऊन बघतो तो पंपाच्या तोंडात चुना घट्ट बसलेला आणि दुकान आतून-बाहेरून पांढरंशुभ्र. मी तोंड उघडायच्या आत दुकानदारच म्हणाला, "रावसाहेब, लई उपेगाचं यंत्र! कुंचल्यानं दोन दिस लागायचे, हितं दुपारच्या आत मोकळा झालो. सरकारला कळवा." मी कळवलं. 'ग्रामस्थांकडून पंपाचा उत्साहाने वापर' असं लिहून कळवलं. वरून शाबासकी आली. आमचं खातं काय चीज आहे, हे मला त्याच दिवशी कळायला हवं होतं.

मी भोंगवलीचा. आमच्या भावकीत कॉलेजची पायरी चढलेला पहिला माणूस मी. हे मी मिरवतो, आणि का मिरवू नये? बोर्डिंगात राहून, सुट्टीत घरी येऊन नांगर धरून मी पदवी घेतली आहे. बी. एजी. होऊन आलो त्या सकाळी आई परड्यातल्या मेथीवर राख झटकत होती. मी चार इंग्रजी शब्द घालून तिला सांगितलं की हे अडाणीपण आहे. ती म्हणाली, "आसंल बाबा. तू पुस्तक वाच, मी राख टाकते."

ज्यांनी पालेभाजीचं शेत पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. जोंधळ्याच्या पानावर कीड बसली तर आपण पान खात नाही, दाणा खातो. दुध्याची साल काढून टाकतो. मेथी, चाकवत, चुका, शेपू, पोकळा यांचं तसं नाही. कीड जे पान खाते तेच पान आपण खातो. पानावर जे टाकाल ते ताटात येणार. शिवाय मेथी पेरल्यापासून महिन्या-सव्वा महिन्यात उपटायला येते. म्हणजे काही टाकायचं आणि त्याचा असर उतरेपर्यंत थांबायचं, तर तेवढी सवड ते पीक देतच नाही.

म्हणून या धंद्यातल्या बायका कीड मारत सुटत नसत, तिला माजू देत नसत. सगळे वाफे एकदम पेरायचे नाहीत, आठ-आठ दिवसांनी पेरायचे. मेथी निघालेल्या वाफ्यात पुन्हा मेथी नाही, तिथं चुका नाहीतर शेपू. अळी हातानं वेचून कोंबड्यांपुढं. मावा दिसला की चुलीतली राख वस्त्रगाळ करून फडक्यात बांधायची आणि सकाळी दहिवर असतानाच वाफ्यावर झटकायची. ओल्या पानावर ती बसते आणि मऊ अंगाचा मावा कोरडा पडतो. पुढं धुतली की राख जाते. बांधाच्या कडेनं मोहरीच्या ओळी असायच्या. मला वाटायचं, फोडणीसाठी असतील. तसं नव्हतं. मोहरीवर मावा लवकर येतो, त्याच्या मागं तो खाणारे लाल पाठीचे, ठिपक्यांचे किडे येतात, आणि तेच पुढं मेथीवर उतरून तिथला मावा खातात. माझ्या पुस्तकात त्या किड्याचं लॅटिन नाव होतं. त्याच्यासाठी मोहरी पेरतात हे नव्हतं.

या सगळ्यानं सगळी कीड जाते का? नाही. चार पानांना भोकं राहतात. मी दोन हिवाळे स्वतः वाफे करून पाहिलं, तीन वाफ्यांवर राख, तीन तसेच. फरक डोळ्याला दिसत होता. आईची क्षमा मागितली नाही, पण अहवाल लिहिला. त्यावर शेरा आला, 'यात नवीन काय?'

आता भाटघर. धरण बांधून होऊन काही वर्षं झाली होती. मला तेव्हा भोरकडे उसना दिला होता. हिवाळा सरता सरता धरणाचं पाणी मागं हटायचं आणि काठचा गाळ उघडा पडायचा. ज्यांच्या जमिनी पाण्याखाली गेल्या त्यांच्यातली काही घरं त्या गाळावर भाजी करायची. ठकूबाई त्यांच्यातल्याच. पन्नाशीच्या, उंच, जिभेला धार. त्यांचे यजमान धोंडिबा दिवसभर वाफ्यांना पाणी घालायचे आणि बोलायचे नाहीत. "त्येंनी पानी घालायचं, आन मी बोलायचं," ठकूबाई म्हणायच्या, "आमची वाटनी लगीन झालं तवाच झालीया." मी भोंगवलीचा, म्हणजे जवळजवळ गाववालाच, म्हणून मला त्या साहेब न म्हणता मास्तर म्हणत. त्यात मान किती आणि टोमणा किती, ते त्या दिवसाप्रमाणं ठरवायच्या. मी त्यांना मावशी म्हणायचो.

गाळावरच्या या बायकांचा एक रिवाज होता. नवा वाफा उपटायला आला की बाजाराच्या आदल्या दिवशी त्याची पहिली जुडी, तो वाफा जिनं राखला तिनं शिजवून खायची. एकटीनं. नवऱ्याला नाही, पोरांना नाही. दुसऱ्या दिवशी मग तो वाफा बाजाराला. मी विचारलं, हे कशासाठी?

"बाजारात आमाला कोन इचारतंय, बाई, तू खाल्लीस का म्हनून? मंग आमीच आमाला इचारतो."

त्या वर्षी मेथीवर पानं खाणारी हिरवी अळी जास्त होती. नेमकी तेव्हाच आमच्या गोदामात पुडीचे डबे पडून होते. शिसं आणि सोमल यांची पांढरी पूड. होय, सोमल, उंदराला घालतात तोच. ती मागवली होती दुसऱ्याच पिकासाठी, तिकडं कुणी वापरली नाही, आणि वर्ष संपायच्या आत वापरलेली दाखवायची होती. आमचे मोठे साहेब फिरतीवर येणार होते. गोरे नव्हते, आपलेच होते, विलायतेला जाऊन आलेले. मुक्काम धरणावरच्या बंगल्यात. तर बंगल्यापासून पायी जाता येईल अशा शेतात या पुडीचा प्रयोग दाखवावा, असा हुकूम आला. पायी जाता येईल असं शेत म्हणजे गाळावरची मेथी. विज्ञानाचा संबंध एवढाच.

पालेभाजीवर सोमल टाकू नये, हे मी लेखी कळवलं. 'नम्र निवेदन' असा मथळा घालून, एकदाच. उत्तर आलं, 'कार्यवाही करावी.' मी कार्यवाही केली. ठकूबाईंचे चार वाफे घेतले, दोरी लावून वेगळे केले आणि म्हणालो, "मावशी, हे खायचे नाहीत, बाजारालाही न्यायचे नाहीत. बियाला सोडा."

"सोडते. पन ह्या पुडीत हाय काय?"

साहेबांची सक्त ताकीद होती की विष हा शब्द काढायचा नाही, लोक बिचकतात. मी म्हणालो, "अळीचं औषध आहे."

"आन बियाला का सोडायचं? सायबाला बी पायजे व्हय?"

मी हसलो. हो म्हणालो नाही, नाही म्हणालो नाही. नुसता हसलो. त्या हसण्याचा मला आजही संताप येतो.

साहेब आले त्या दिवशी पन्नासेक माणसं जमली होती. चारही वाफ्यांत अळ्या मरून पडल्या होत्या, त्या साहेबांनी काठीनं दाखवल्या. मग भाषण. "राख पाण्यानं धुवून जाते. ही पूड तशी नाही. दव पडो, पाऊस पडो, पानाला चिकटून राहते. राखेचे दिवस संपले." लोक बघत होते. ठकूबाई माझ्याशेजारी उभ्या होत्या, हळूच म्हणाल्या, "मास्तर, तुमचं सायेब बोलतंय ग्वाड."

इथपर्यंत ठरलं होतं तसंच झालं. पुढचं ठरलेलं नव्हतं. साहेब खुशीत आले. त्यांनी उरलेले डबे फोडायला लावले, शिपायाला जुन्या वर्तमानपत्राचे कागद फाडायला सांगितलं आणि घरटी एकेक पुडी वाटली. स्वतःच्या हातानं. "टाकायची कशी? राख टाकता तशीच. फडक्यात बांधा आणि सकाळी झटका."

मी पुढं झालो. म्हणालो, "साहेब, काढणीच्या आधी..."

ते इंग्रजीत म्हणाले, "नंतर बोलू."

मी मागं झालो.

पन्नास माणसांसमोर एक शब्द मोठ्यानं म्हणायचा होता, सोमल. तीन अक्षरं. गाळावरच्या प्रत्येक बाईला तो शब्द माहीत होता, पुडी हातातून खाली पडली असती. तो शब्द माझ्या तोंडात होता. पण भावकीतला पहिला पदवीधर, पहिला सरकारी नोकर, कायम व्हायचा कागद साहेबांच्या टेबलावर. मी गप्प राहिलो. मनाची समजूत घातली की बाजाराला तीन दिवस आहेत, साहेब गेले की घरोघर सांगून येईन. साहेबांनी मला त्याच मोटारीत बसवून पुढच्या फिरतीला नेलं. मी बसलो. 'मला उतरवा' एवढंही म्हणालो नाही.

परत आलो तो बाजाराच्या दिवशी सकाळीच. काठावरच्या वाटेवर इस्माईलभाईंचा टांगा उभा होता. इस्माईलभाई भोरचे. गाळावरची भाजी तेच बाजारात न्यायचे. टांगा मेथीच्या जुड्यांनी अर्धा भरलेला, आणि टांग्यापुढं वाटेत धोंडिबा दोन्ही हात पसरून उभे. कधी न बोलणारा माणूस ओरडत होता.

"भाजी जानार न्हाई!"

"अरे बाबा, तुझी नको देऊस," इस्माईलभाई म्हणत होते. "पण ही बाकीच्या घरांची आहे. बाजार भरायची वेळ झाली."

"ती बी उतरवा!"

मला बघून इस्माईलभाई म्हणाले, "रावसाहेब, बरं झालं आलात. याची बायको काल सांजच्यापासून उलट्या करतेय, आणि हा म्हणतो कुणाचीच भाजी जाणार नाही. समजवा याला."

मी धोंडिबांना विचारलं, "मावशींनी काय खाल्लं?"

"पैली जुडी," धोंडिबा म्हणाले. "नव्या वाफ्याची. चार पान्यानं धुतली, मास्तर. ती पडल्या पडल्या म्हनतीया, वाफा खराब हाय, समद्यांची भाजी आडवा."

बाकीच्या घरांचे वाफे आधीच्या आठवड्यातच उपटायला लागले होते. त्यांची पहिली जुडी पुडीच्या आधीच खाऊन झालेली होती. नवा वाफा एकट्या ठकूबाईंचा होता, आमच्या दोरीबाहेरचा. त्यांनी साहेबांनी सांगितलं अगदी तसंच केलं होतं. फडक्यात बांधली, सकाळी दहिवरात झटकली. मग आपल्या रिवाजाप्रमाणं पहिली जुडी खुडली, राख धुतात तशी धुतली आणि एकटीनं खाल्ली. पूड पानाला चिकटून राहते, हे साहेबांचं म्हणणं मात्र खरं निघालं.

तेव्हा मी तो शब्द उच्चारला. म्हणालो, "त्या पुडीत सोमल आहे."

इस्माईलभाईंनी एकदा माझ्याकडं पाहिलं, एकदा टांग्याकडं. मग जुड्या खाली फेकायला लागले. त्यांनी आणि धोंडिबांनी बांधाच्या पलीकडं खड्डा काढला, सगळी भाजी त्यात लोटून वर माती ओढली. इस्माईलभाईंनी दोनदा हात धुतले आणि मग मला म्हणाले, "हे त्याच दिवशी सांगायला काय झालं होतं तुम्हाला?"

त्याच टांग्यात ठकूबाईंना घालून आम्ही भोरच्या दवाखान्यात नेलं. पोटात मुरडा, पायांत गोळे, तोंड कोरडं. वाटेत त्यांनी एकदाच डोळे उघडले आणि विचारलं, "भाजी आडवली का?" "अडवली," मी म्हणालो. दुपारी परत येऊन मी घरोघर पुड्या गोळा केल्या. एक पुडी एका घरात पिठाच्या डब्याशेजारच्या फळीवर ठेवलेली होती.

ठकूबाई वाचल्या. लोक म्हणाले, सुटली. तीन आठवड्यांनी त्यांच्या हाताच्या बोटांना आणि तळपायांना मुंग्या यायला लागल्या, पुढं बोटं बधिरच झाली. डॉक्टर म्हणाले, सोमलानं असं होतं, थोडं परत येईल, सगळं येणार नाही. मेथी उपटणारीचं सगळं काम बोटांचं. किती कोवळी, मूळ सुटलं का, जुडी घट्ट बसली का, हे डोळ्यांनी बघायचं नसतं, बोटांना कळतं. त्यांना कळेना. जुडी बांधायला घ्यायच्या आणि ती मांडीवर सुटून पडायची.

खात्यानं चौकशी केली. चौकशी म्हणजे बंगल्यात बसून एक इंग्रजी कागद तयार झाला. त्यात लिहिलं होतं की, 'संबंधित स्त्रीने दिलेल्या सूचनांचे पालन न केल्यामुळे सदर प्रकार घडला.' साक्षीदार म्हणून खाली माझं नाव आधीच टाईप केलेलं होतं. साहेब म्हणाले, "तुमच्या भल्यासाठीच आहे. नाहीतर प्रयोग तुमच्या हातून झालाय." मी सही केली. कॉलेजात घटवलेली, वळणदार, इंग्रजी सही. बक्षीस म्हणून महिन्याभरात मला पुन्हा वेल्ह्याच्या बाजूला पाठवलं. कायमही झालो.

पुढच्या हिवाळ्यात रजा काढून भाटघरला गेलो. ठकूबाई वाफ्याच्या कडेला बसल्या होत्या, आणि धोंडिबा त्यांचं काम करत होते, वाईट करत होते. जुड्या लहान-मोठ्या होत होत्या.

"आवं, त्ये जुडी हाय का केरसुनी?" ठकूबाई म्हणाल्या. मग माझ्याकडं वळल्या. "मास्तर, कागुद झाला म्हनं आमच्यावर. काय लिवलंय?"

खोटं सांगता आलं असतं. इंग्रजी कागद, त्यांना कोण वाचून दाखवणार होतं? पण मी होतं तसं सांगितलं. तुम्ही सूचना पाळल्या नाहीत असं लिहिलंय, आणि खाली माझी सही आहे.

धोंडिबांचे हात थांबले. मला वाटलं, आता ठकूबाई शिव्या देतील. मी शिव्यांची तयारी करूनच आलो होतो.

"कोनती सूचना?" त्यांनी विचारलं.

रागानं नाही. खरोखरच आठवायचा प्रयत्न करत होत्या. सायेब काय म्हणाला होता, मास्तर काय म्हणाला होता, आपलं कुठलं ऐकायचं राहून गेलं, हे शोधत होत्या. "फडक्यात बांधा म्हनलं, बांधली. सकाळच्याला झटका म्हनलं, झटकली. मंग कोनती ऱ्हायली, मास्तर?"

मी उठलो आणि निघालो.

त्यानंतर उरलेल्या नोकरीत मी पालेभाजीवर कधी पुडी पडू दिली नाही. वेल्ह्याच्या बाजूला राख, निंबोळीचा रस, तंबाखूच्या काड्यांचं पाणी आणि मोहरीच्या ओळी एवढ्यावरच भागवलं. तंबाखूचं पाणीसुद्धा रोपं लहान असतानाच, काढणीच्या तोंडाशी नाही, आणि ते माणसालाही बाधतं हे आधी सांगून. वरून 'प्रगती नाही' असे शेरे येत राहिले. त्यांचा मला अभिमान आहे. पण त्या अभिमानानं कुणाची बोटं परत आली नाहीत.

आणि आता, मी पेन्शनीत बसलेलो असताना, नवे डबे आले आहेत. गेल्या महिन्यात आमच्या भोंगवलीला एक तरुण पदवीधर आला, हुशार मुलगा. मला म्हणाला, "काका, ही नवी पूड माणसाला काही करत नाही." मी विचारलं, "कुणी खाऊन बघितलीय?" तो हसला. ते हसणं मी ओळखतो. त्याला मी खूप बोललो. तो मुकाट्यानं ऐकून गेला, आणि संध्याकाळी चावडीपुढं त्यानं पुड्या वाटल्या.

शहरातल्या वाचकांनाही सांगतो. मंडईत मेथीची जुडी उलटीपालटी करून, पानाला भोक दिसलं की नाक मुरडून खाली टाकता, ते बंद करा. तुम्हाला भोक नको म्हणून डबे उघडले जातात.

त्या कागदावरची माझी सही अजून कुठल्यातरी फायलीत असेल. ती मला खोडता येत नाही. म्हणून इथं, माझ्या नावानिशी, मराठीत लिहितो. ठकूबाईंनी एकही सूचना मोडली नाही. हातात दिलेल्या त्या पुडीबद्दल त्यांना सूचना दिलीच गेली नव्हती. ती देणं माझं काम होतं, पुड्या वाटल्या तेव्हा मी तिथं उभा होतो, आणि मला सगळं माहीत होतं.